यानाला बसायला पाट

पाहुण्याला बसायला काय द्यायचं, हा प्रश्न आमच्या घराण्याला कधी पडला नव्हता. आजोबांच्या काळात पाट होता. वडिलांच्या काळात लोखंडी घडीची खुर्ची आली. तिच्यात एकदा बोट सापडलं की पाहुणा आपण होऊन लवकर उठत असे. माझ्या काळात हप्त्यांवर घेतलेला सोफा आहे. त्याच्या एका बाजूची स्प्रिंग गेलेली आहे, तेव्हा वजनदार पाहुण्याला भिंतीकडची बाजू द्यायची, एवढं पथ्य सांभाळलं की आमचं आदरातिथ्य पुरं होतं. पण मध्यंतरी आमच्याकडे एक पाहुणा असा आला की तो सोफ्यावर मावला नाही, खुर्चीवर बसला नाही, आणि सरळ जेवणाच्या टेबलावर जाऊन जो बसला तो उठेचना. पाहुण्याची लांबी ८४ सेंटिमीटर, रुंदी ५६, उंची २१ आणि अवयव ७,५४१.

हा पाहुणा म्हणजे ‘मिलेनियम फाल्कन’. ‘स्टार वॉर्स’ या इंग्रजी सिनेमातलं आकाशयान, लेगो कंपनीच्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांतून जोडलेलं. ते आणलं आमच्या भाच्यानं. ताईचा हा मुलगा नोकरीच्या निमित्तानं चार वर्षं आमच्याकडे डोंबिवलीत राहत होता. पहिला घसघशीत बोनस हातात पडल्यावर माणसानं काय करावं? मुदत ठेव. निदान मी तरी बावीस वर्षं काउंटरच्या मागून लोकांना हेच सांगत आलो आहे. भाच्यानं मात्र एक भलंमोठं खोकं आणलं. २०१७ साली हे खोकं अमेरिकेत बाजारात आलं तेव्हा त्याची किंमत होती ७९९ डॉलर ९९ सेंट. तो एक सेंट कमी ठेवण्यामागे आपल्याकडच्या चपलांच्या दुकानांचंच शास्त्र असावं.

मी तोंड उघडणार होतो, पण उघडलं नाही. त्याला कारण आहे. हा सात वर्षांचा असताना त्यानं ताईकडे अशाच एका खोक्यासाठी हट्ट धरला होता. खोकं छोटंसंच होतं. ताईनं त्याला दुकानाच्या दारातूनच परत फिरवलं आणि रात्री मला फोन करून ती खूप रडली. भाच्याला हे माहीत नाही. मला माहीत आहे. म्हणून मुदत ठेवीचा विषय मी गिळला आणि आठ रविवार त्याला तुकडे वेचून द्यायला मदत केली. राखी रंगाच्या इतक्या छटा आहेत हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं.

यान पुरं झालं आणि पंधरा दिवसांत भाच्याची बदली बेंगळुरूला झाली. निघताना म्हणाला, “मामा, जागा मिळाली की लगेच घेऊन जातो. तोवर तुमच्या सेफ कस्टडीत.” तिथे त्याला जी जागा मिळाली आहे तिच्यात एका वेळी तो तरी झोपू शकतो किंवा त्याची बॅग तरी. त्यामुळे यान टेबलावर राहिलं आणि आम्ही जमिनीवर आलो. आम्ही म्हणजे मी आणि सौ. आईला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. ती सोफ्यावर बसून मांडीवर ताट घेऊन जेवू लागली. दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आमटी साडीवर सांडली तेव्हा म्हणाली, “तुमची ती परात उचला आता. पाहुण्याला पाट द्यावा, आपलं ताट देऊ नये.”

यानाला परात म्हणणं भाच्याला आवडलं नसतं, पण आईचं चुकलं नव्हतं. ते गोल आहे, चपटं आहे, पुढे दोन सुळे आहेत आणि उजव्या अंगाला चालकाची खोली अशी चिकटवलेली आहे की जेवणाच्या ताटाबाहेर ठेवलेली ताकाची वाटी वाटावी.

बँकेत अनोळखी खातेदार आला की आम्ही त्याला आधी बसायला सांगत नाही, आधी त्याची ओळख पटवून घेतो. याचंही केवायसी करावं असं मी ठरवलं. हा कोण, कुठला, याच्या आधीच्या पिढ्या कशावर बसत होत्या, हे कळल्याशिवाय याला स्टँड कसला घ्यायचा? बी.कॉम. झालेल्या माणसाचा इतिहासाशी संबंध फक्त मागील बाकीपुरता येतो. पण मागील बाकी पाहिल्याशिवाय पुढलं पान लिहायचं नाही ही सवय अंगात मुरलेली आहे.

पहिलीच नोंद पाहून मी चाट पडलो. लेगो ही कंपनी काढली एका सुतारानं. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचा ओले किर्क क्रिस्टियनसेन. जगभर मंदी होती, घरं बांधून घ्यायला कोणी तयार नव्हतं, तेव्हा १९३२ मध्ये हा गृहस्थ शिड्या, इस्त्रीचे फळे, स्टुलं आणि लाकडी खेळणी करू लागला. वाचकहो, स्टुलं! ज्या घराण्याची सुरुवातच स्टुलापासून झाली त्यांनी आठशे डॉलरच्या यानाबरोबर टेकायला एक फळकूट देऊ नये? १९३४ मध्ये त्यानं कंपनीला ‘लेगो’ हे नाव दिलं. डॅनिश भाषेतल्या ‘छान खेळा’ अशा अर्थाच्या दोन शब्दांचा तो जोड आहे. छान ठेवा, असं त्यात कुठेही नाही.

ठोकळ्याला आजचं रूप आलं ते २८ जानेवारी १९५८ रोजी. त्या दिवशी ओले किर्कच्या मुलानं, गॉटफ्रेडनं, पेटंटसाठी अर्ज केला. वर गोल बुटकुल्या आणि आत पोकळ नळ्या, की एक ठोकळा दुसऱ्याला घट्ट धरून बसतो. त्याच वर्षी मार्चमध्ये ओले किर्क वारला. १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यात अजूनही बसतो म्हणतात. आमच्या बँकेत गेल्या वर्षीचा फॉर्म या वर्षी चालत नाही.

लेगोची स्वतःची अंतराळयानं निघाली १९७८ च्या सुमारास. त्यांच्या स्टँडची गोष्ट मला सगळ्यात आवडली. त्या काळच्या मोठ्या खोक्यांत यानाबरोबर राखी रंगाचा एक पत्रा मिळे, प्लॅस्टिकचाच, आणि त्यावर खळगे उठवलेले असत. तो चंद्र! म्हणजे यान ठेवायला त्यांनी पोरांना स्टँड दिला नाही, चंद्रच दिला. यान त्यावर उतरायचं आणि खेळ संपला की यानासकट चंद्र पलंगाखाली सरकवायचा. इतका सोयीचा चंद्र पुन्हा झाला नाही.

पण आमचा पाहुणा या चांद्रवंशातला नव्हे, तो सिनेमावाल्यांकडचा. तेव्हा मला तिकडेही चौकशी करावी लागली.

पहिला ‘स्टार वॉर्स’ २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत पडद्यावर आला. त्यातलं हे यान म्हणजे सुमारे पाच फुटांची एक प्रतिकृती होती. पडद्यावर ते गिरक्या घेत सुसाट जातं, शत्रू मागे लागतो, माझे डोळे मिटतात. प्रत्यक्षात यान बहुतेक वेळा जागच्या जागीच असे. पळत असे तो कॅमेरा! जॉन डायक्स्ट्रा आणि त्यांच्या मंडळींनी रुळांवरून धावणारा, संगणकाच्या हुकमानं पुन्हा पुन्हा तीच हालचाल तंतोतंत करणारा कॅमेरा तयार केला होता. त्याला डायक्स्ट्राफ्लेक्स असंच नाव पडलं. यान एका दांड्यावर रोवलेलं. मागचा पडदा निळा आणि दांडाही निळा. नंतर निळं तेवढं चित्रातून उडवायचं आणि त्या जागी तारे भरायचे. दांडा कॅमेऱ्याला दिसतोय असं वाटलं तर तिथून उपटून दुसऱ्या अंगानं रोवायचा.

हे वाचलं त्या दिवशी मी यानाकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. याचा जन्मच मुळी स्टँडवर झालेला. सगळ्या जगाला त्याच्या उड्डाणाचं कौतुक, आणि ज्याच्या डोक्यावर ते भार टाकून उभं होतं तो दांडा मात्र चित्रातून पुसलेला. आमच्या शाखेत दर वर्षी मार्चअखेरचा ताळेबंद जुळला की साहेबांचा फोटो येतो. मी त्या दांड्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

पाच फुटी प्रतिकृती फार अवजड होती. म्हणून १९८० च्या दुसऱ्या सिनेमासाठी ३२ इंचांची नवी केली. ३२ इंच म्हणजे ८१ सेंटिमीटर. म्हणजे आमच्या टेबलावरचं यान सिनेमातल्या त्या धाकट्यापेक्षाही तीन सेंटिमीटरनं थोरलं! हे मी आईला मोठ्या अभिमानानं सांगितलं. तिनं मांडीवरचं ताट सावरलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी परत इतिहासात शिरलो.

याच दुसऱ्या सिनेमासाठी १९७९ मध्ये वेल्समधल्या पेम्ब्रोक डॉक या बंदराच्या गावी, एका जुन्या हँगरमध्ये, पुऱ्या मापाचं फाल्कन बांधलं गेलं. पोलादी सांगाडा आणि वजन टनांत. गावातल्या लोखंडकाम करणाऱ्या माणसांनी ते गुपचूप बांधलं. ते हलवायला दाबलेल्या हवेच्या गाद्या होत्या, त्यांवर ते जमिनीपासून किंचित उचललं जाई. म्हणजे या यानानं जन्मात खरोखर जे काही उड्डाण केलं असेल ते एवढंच. आणि गंमत अशी की, पहिल्या सिनेमात या यानाला तीन पाय होते, दुसऱ्या सिनेमात पाच झाले. पडद्यावर कोणाच्या लक्षातही आलं नाही. पण दोन पाय उगाच कोणी वाढवत नाही.

आता लेगोची बाजू. १९९९ मध्ये लेगोनं स्टार वॉर्सची खेळणी काढायला सुरुवात केली. २००० मध्ये मोठ्या माणसांनी, म्हणजे माझ्या भाच्यासारख्यांनी, विकत घ्यावीत अशी मोठी यानं आली. एक्स-विंग आणि टाय इंटरसेप्टर ही त्यांतली पहिली दोन. आणि दोघांनाही बसायला स्टँड! शिवाय पुढे नावाची पाटी. २००२ मध्ये स्टार डिस्ट्रॉयर नावाची तीन हजारांवर तुकड्यांची पाचर आली. तिच्या अंगावरचे मोठे पत्रे लोहचुंबकांनी धरून ठेवलेले असत, पण स्टँड होता. २०१९ मध्ये तिची धाकटी बहीण आली. धाकटी कसली, ११० सेंटिमीटर लांब, ४,७८४ तुकड्यांची! तिलाही स्टँड. मधल्या काळात २००७ मध्ये पहिलं मोठं फाल्कन आलं, पाच हजारांवर तुकड्यांचं. त्याला स्टँड नाही. २०१७ मध्ये आमचा पाहुणा आला. दोन तऱ्हेच्या अँटेना दिल्या, जुन्या सिनेमांची गोल आणि २०१५ च्या सिनेमाची चौकोनी. जुनी माणसं दिली, नवी माणसं दिली. स्टँड नाही. आपले पाय आहेत ना, उभं राहा! आणि कहर म्हणजे २०२४ मध्ये कंपनीनं ९२१ तुकड्यांचं पिटुकलं फाल्कन काढलं, त्याला मात्र स्टँडही आणि नावाची पाटीही. थोरल्याला नोकरीला लावायचं आणि धाकट्याला सायकल, तशातला प्रकार.

यावर मी एक उपपत्ती मांडली. स्टार डिस्ट्रॉयरला पाय नाहीत, ती सिनेमात जमिनीवर उतरताना दिसत नाही, म्हणून तिला आधार द्यावाच लागतो. फाल्कन वरचेवर कुठेतरी उतरतं, बिघडतं, चालक त्याला शिव्या देतो. म्हणून त्याला पाय दिले. उपपत्ती मला फारच आवडली होती. पण एक्स-विंगही उतरतं, अगदी दलदलीत उतरतं, तरी त्याला स्टँड मिळाला, हे भाच्यानं फोनवर सांगितलं आणि ती आडवी झाली.

एवढा इतिहास झाल्यावर मी निवडीला बसलो. यान टेबलावरून हलवायचं हे नक्की. कुठे आणि कशावर?

पहिला मार्ग, छताला टांगणं. बँकेत ज्या रकमेची जागा कळत नाही ती आम्ही सस्पेन्स अकाउंटला टाकतो, तेव्हा मला हा मार्ग मनापासून पटला. सौ. म्हणाली, “पंख्याच्या शेजारी? आणि वरच्या मजल्यावर दळण कांडतात तेव्हा?” शिवाय इतिहासही विरुद्ध होता. ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या एंटरप्राइज यानाची ११ फुटी प्रतिकृती १९७४ मध्ये अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेकडे आली. तिथेही ती काही काळ टांगलेली होती. पुढे बरीच वर्षं संग्रहालयाच्या दुकानात काचेच्या पेटीत होती, आणि २०१६ मध्ये चांगली डागडुजी करून मुख्य दालनात आणली तेव्हा तिला खालून आधार देऊनच उभी केली. या एंटरप्राइजची आणखी एक गंमत आहे. तिच्या आतल्या दिव्यांच्या तारा डाव्या अंगानं जात, म्हणून मालिकेत तिचं चित्रण उजव्या बाजूनं करत. लग्नाच्या फोटोत आमच्या काकांचं जे करतात तेच.

दुसरा मार्ग, काचेचं टेबल करून त्याच्या पोटात यान ठेवणं. परदेशातले हौशी लोक असं करतात. पण त्यासाठी आधी दिवाणखाना लागतो. आमच्याकडे जी खोली आहे तिला सकाळी देवघर, दुपारी आईची झोपायची खोली आणि रात्री दिवाणखाना म्हणतात.

तिसरा मार्ग खिडकीच्या कट्ट्याचा. तोही बाद. लेगोचे ठोकळे १९६३ पासून एबीएस नावाच्या प्लॅस्टिकचे करतात. ते टणक खरं, पण वर्षानुवर्षं ऊन लागलं तर पिवळं पडतं. आमच्या खिडकीत आईच्या कुंडीतला गवती चहासुद्धा टिकत नाही.

राहिलं शोकेस. आतल्या भिंतीला आहे, ऊन येत नाही. फक्त त्याची खोली ४५ सेंटिमीटर आणि यान ८४. इथे भाच्यानं सांगितलं की यान आडवं कशाला ठेवता, कलतं ठेवा, नाक वर करून. बाहेर असे ॲक्रिलिकचे तयार स्टँड मिळतात. पण ते मागवायचे तर पोस्टेज आणि जकात धरून रक्कम अशी होत होती की त्यात यानाला नव्हे, मलाच बसायला नवी खुर्ची आली असती. तेव्हा मी इथेच करून घ्यायचं ठरवलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दारावरच्या नावाच्या पाट्या आणि शाळांच्या ट्रॉफ्या करणारा एक दुकानदार आहे, तो ॲक्रिलिक कापून देतो.

किती कलतं ठेवायचं याचं गणित समोरच्या बिऱ्हाडातल्या दहावीच्या मुलीनं करून दिलं. साइन आणि कोसाइन. माझा साइनशी संबंध शाळेनंतर फक्त चेकच्या उजव्या कोपऱ्यातलाच आला आहे. तिच्या हिशेबानं ६० अंशांत ठेवलं तरी ६० सेंटिमीटर खोली लागत होती, ७५ अंशांत ठेवलं की ४२. शोकेस ४५. तीन सेंटिमीटर शिल्लक! मी खूश झालो. त्या शिल्लक जागेत वडिलांचा फोटोही राहील असं आईला सांगून टाकलं आणि त्यासाठी स्टँडचा पाया मुद्दाम छोटा, मागे सरकवून घ्यायला सांगितला. दुकानदार म्हणाला, “साहेब, आतले कोपरे काटकोनात नको, गोल करतो. ॲक्रिलिक कोपऱ्यातून तडकतं.” त्याला कळत होतं. मला वाटत होतं मलाही कळतं.

स्टँड आला. चकचकीत, पारदर्शक. यान एकदम त्यावर ठेवायची मला छाती झाली नाही. कारण फाल्कन पडलं तर तुटत नाही, ते सुटतं. सात हजार पाचशे एक्केचाळीस तुकडे आणि आठ रविवार. आणि बेंगळुरूला फोन कोणी करायचा? अंतराळात माणूस पाठवायच्या आधी चाचणी घेतात, तशी मीही घेतली. यान उचलताना हातांना साधारण दहा किलो तांदळाच्या पिशवीएवढं ओझं लागतं. म्हणून मी दहा किलो कोलमची पिशवी स्टँडला टेकवून, बांधून, रात्रभर ठेवली.

पहाटे तीन वाजता आवाज झाला. मी दिवा लावला तेव्हा स्टँड जमिनीवर तोंडघशी पडला होता, तडा मात्र एकही नव्हता. पिशवी फाटली होती. सोफ्याखाली, चपलांत, देवघरापर्यंत तांदूळ. आई उठून बसली होती. म्हणाली, “कोणाचं लग्न लागलं?”

सकाळी दहावीच्या मुलीनं चूक दाखवली. गणितात चूक नव्हती, मीच अर्धं गणित विचारलं होतं. यान किती जागा खातं ते मी मोजलं, त्याचं वजन कुठून खाली येतं ते मोजलंच नाही. ज्या रेघेवर भार खाली उतरतो ती रेघ पायाच्या आत पडली पाहिजे. वडिलांच्या फोटोसाठी मी पाया आखूड केला, रेघ पायाच्या पुढे पडली आणि तांदूळ पुढे आले. जमेची बाजू बघायची आणि नावेची बाजू कोरी सोडायची ही चूक बँकेत नव्या शिकाऊ पोरानं केली असती तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

शेवटी मी सुताराला बोलावलं. आमचं शोकेस, देव्हारा आणि आईचा पाटसुद्धा यानंच केलेला. त्यानं यानाकडे पाहिलं, खालून बोटानं चाचपलं. आत तंबूच्या बांबूंसारखा एक सांगाडा आहे आणि वरचे पत्रे नुसते त्यावर चढवलेले आहेत, हे मला आठ रविवारांत कळलं नव्हतं ते त्याला दोन मिनिटांत कळलं. “आधार या हाडांना द्यायचा साहेब, कातड्याला नाही.” मी म्हटलं, “अहो पण हे खरं यान थोडंच आहे!” तो म्हणाला, “यान खोटं असेल. वजन तर खरंच आहे ना?”

मी त्याला सांगितलं की २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये लेगोनं ५३ लाखांवर ठोकळ्यांचं पुऱ्या मापाचं एक्स-विंग उभं केलं होतं, त्याच्याही पोटात पोलादाचा सांगाडा होता. “असणारच,” तो म्हणाला. मग ही कंपनी मुळात एका सुतारानं काढली हेही सांगितलं. त्याचे हात थांबले. “सुतार? मग त्यानं खाली ठेवायला काही दिलं नाही?” म्हटलं, नाही. तो बराच वेळ मान हलवत होता. एखाद्या नातेवाइकानं लग्नात आहेर केला नाही असं कळावं, तसं त्याला लागलं.

त्यानं अठरा मिलिमीटर प्लायवुडचा चांगला ४० सेंटिमीटर खोल पाया केला. त्यात ॲक्रिलिकचे हात बसवले, पाया मागून दोन स्क्रूंनी शोकेसला आवळला, आणि यानाचे पाय काढून त्या जागी, थेट सांगाड्यात, ते हात घुसवले. पुन्हा तांदळाची पिशवी चढली. या वेळी दोन रात्री. सौ.नं पिशवीखाली चादर अंथरून ठेवली होती, पण पिशवी हलली नाही. वडिलांचा फोटो आईनं देवघरात हलवला. म्हणाली, “त्यांना तिथे बरं वाटेल. इथे डोक्यावर परात.”

रविवारी सुतार, मी, सौ. आणि दहावीची मुलगी अशा आठ हातांनी यान चढवलं. नाक वर, एका अंगाला जरासं कललेलं. आई टेबलाशी आली, आपल्या जुन्या जागेवर बसली, ताट पुढे ओढलं आणि पहिला घास घ्यायच्या आधी वर पाहून म्हणाली, “उडतंय की!” मी व्हिडिओ कॉल लावला. भाचा बघतच राहिला. त्याच्या मागे ताई होती, चार दिवसांसाठी त्याच्याकडे गेली होती. ती फोनच्या अगदी जवळ आली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “किती मोठं आहे रे हे.” एवढंच. मी फोन उगाच यानाभोवती फिरवत राहिलो.

मग भाचा म्हणाला, “मामा, कॉकपिट दिसू द्या ना.”

कॉकपिट उजव्या अंगाला. उजव्या अंगाला, काटकोनात, आमचं लोखंडी कपाट. मी कपाटाचं डावं दार उघडून मागे जायला लागलो तर ते अर्ध्यावरच थांबलं. दार आणि कॉकपिट यांच्यात एक बोट अंतर. सुतार गेलेला, स्क्रू आवळलेले. “मामा, कॉकपिटला हात लावू नका हं, ते नुसतं अडकवलेलं आहे,” भाचा ओरडला. मी दार हळूच लोटून घेतलं.

त्या डाव्या खणात माझे बँकेत घालायचे शर्ट आहेत. सध्या मी बाहेर राहिलेले तीनच आलटून पालटून घालतो. यान उतरवून दार उघडावं म्हटलं, तर उतरवल्यावर ते उभं करायला त्याचे पाय लागतील. पाय काढले त्या दिवशी मी ते मोजून एका पाकिटात भरले, वर तारीख घातली, सही केली, आणि नीट राहावेत म्हणून कपाटात ठेवले. डाव्या खणात.